थंड केलेली फाइल

डॉ. कौस्तुभ यांनी पेनाचं टोपण काढलं, फॉर्मवर तारीख टाकली आणि सहीच्या रेघेवर पेन टेकवता टेकवता सवयीनं विचारलं, "आधी काही मोठा आजार?"

मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. पौडच्या बाजारपेठेतल्या त्या दवाखान्यात सुलताना मुलाणी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. "न्हाई" म्हणून टाकलं असतं तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. बाहेर बाकावर चौदा वर्षांची नाजनीन पाय हलवत वाट बघत होती. चार दिवसांपूर्वी तालुक्याच्या शालेय स्पर्धेत तिनं पंधराशे मीटरमध्ये पहिला नंबर काढला होता, तोही दुसरीला निम्मी फेरी मागं टाकून. आता जिल्हा. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला बुधवारी पाचच्या आत शाळेच्या क्रीडाशिक्षक अमोल सरांकडं पोचायला हवा होता. सव्वापाचला नावांची यादी वर जाणार आणि मग देवही आला तरी नाव चढणार नाही, असं सरांनी बजावलं होतं.

"व्हता," सुलताना म्हणाली आणि आवाज खाली आणला. "रक्ताचा कॅन्सर. पाच वर्सांची व्हती तवा. आठव्या वर्सी औषधं संपली. आता काय बी न्हाई."

डॉक्टरांनी पेन कागदावरून उचललं.

"सलाईनमधून लाल रंगाचं औषध दिलं होतं का?"

सुलतानाला लगेच आठवलं. सरबतासारखं लाल औषध! नाजनीन त्याला सरबतच म्हणायची. दुसऱ्या दिवशी लघवीही लाल व्हायची आणि पोरगी हसायची.

"व्हय. दिलंतं."

"किती वेळा? एकूण मात्रा किती झाली?"

"त्ये कसं सांगू डॉक्टर? फाइलीत असंल."

"मग फाइल लागेल. हे औषध प्रमाणाबाहेर गेलं तर काही मुलांचं हृदय पुढं कधीतरी कमजोर होतं. सगळ्यांचं नाही. पण ही पंधराशे मीटर पळणार आहे. मात्रा कळली आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, नीट आली तर मी आनंदानं सही करीन. आज नाही करणार."

सुलताना उठली. भीती वाटली होतीच, पण त्या भीतीच्या पोटात दुसरंही काहीतरी जोरात धडधडत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला सांगितलं होतं की काय तपासायचं, कुठं तपासायचं आणि का. आजवर तिच्याजवळ एकच वाक्य होतं: "बरी झाली, घेऊन जा." त्या वाक्यावर सहा वर्षं काढली होती.

घर त्यांच्या बेकरीच्या मागेच होतं. तिच्या नवऱ्यानं, फिरोजनं, भट्टीसमोरूनच विचारलं, "झाली सही?"

"न्हाई. म्या खरं सांगितलं."

"कुनी विचारलंतं का तुला?"

"विचारलं म्हनूनच सांगितलं."

"धा पोरी पळत्यात. त्येंच्या आया सांगत्यात व्हय, आमच्या पोरीला गोवर झालाता, कांजिण्या झाल्यात्या म्हनून?" फिरोज हातातलं पीठ झटकत म्हणाला. चिडला नव्हता. घाबरला की तो असाच बोलायचा.

सुलतानानं कपाटावरचं निळं प्लॅस्टिकचं फोल्डर खाली ओढलं. जाडजूड होतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि तसाच पुन्हा बाहेर आला. आत लाइटची बिलं होती. घरपट्टीची पावती होती. टेम्पोचा विमा होता. नाजनीनचा एकही कागद नव्हता.

"अब्बा!"

सासरे पीरमहंमद ओट्यावर बसून चहात खारी बुडवत होते. वय शहात्तर, कान तिखट, नजर अधू. सुनेच्या हातातलं फोल्डर बघून ते शांतपणे म्हणाले, "त्ये कागद व्हय? थंड केले म्या."

"थंड केले म्हंजे?"

"म्हंजे काय, ठावं न्हाई तुला? पान्यात सोडले."

सगळा प्रकार दोन मिनिटांत उलगडला. नाजनीन दवाखान्यात होती तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर अब्बा हिरव्या शाईनं सातशे शहाऐंशी लिहायचे. रक्ताचा रिपोर्ट असो की औषधाची चिठ्ठी, अल्लाच्या नावाशिवाय एकही पान फायलीत जायचं नाही. अशी दोनअडीचशे पानं झाली. वर दर्ग्यातून आणलेली दुवा. उपचार संपले आणि प्रश्न आला, या कागदांचं करायचं काय? अल्लाचं नाव असलेला कागद रद्दीत देता येत नाही, पायदळी येऊ देता येत नाही. तो वाहत्या पाण्याला द्यायचा, त्याला थंड करणं म्हणतात. अब्बांनी एका जुम्म्याला नमाजनंतर पुलाखाली उतरून एकेक पान सुटं करून मुळा नदीत सोडलं होतं. फोल्डर चांगलं होतं म्हणून परत आणलं. त्यावरचं दवाखान्याचं लेबल मात्र नखानं खरवडून काढलं, आजाराचं नाव घरात नको म्हणून.

"दीड तास लागला," अब्बा म्हणाले. "येक पान दगडाला आडलं तर गुडघाभर पान्यात जाऊन सोडवलं."

फिरोजनं कपाळाला हात लावला. त्याच्या कपाळावर मैद्याची पाच बोटं उमटली आणि नाजनीनला हसू आवरेना.

"हसतीस काय गं? तुजं पळनं ग्येलं वाहून."

"दादा नेहमी म्हनत्यात ना, चांगलं पान्यात सोडलं की धा पटीनं परत येतं," नाजनीन आजोबांकडं बघत म्हणाली. "बघू की येतंय का."

अब्बांना आता कुठं कळलं की काय झालंय. त्यांनी कप खाली ठेवला. "म्या चुकलो का, सुलताना?"

"न्हाई अब्बा," ती म्हणाली, आणि ते खरंही होतं. त्या कागदांची पुढं गरज लागेल हे त्यांना कुणी सांगितलं होतं? तिला तरी कुणी सांगितलं होतं?

तिनं मोबाइल काढला. 'शंभूची आई' या नावावर बोट नेलं आणि थांबली.

मारुंजीची रेश्मा. कॅन्सरच्या वॉर्डातली शेजारीण. अडीच वर्षं दोघी एकाच डब्यात जेवल्या होत्या. तिचा शंभू आणि नाजनीन एकाच आजाराचे, एकाच औषधाचे, महिनाभराच्या अंतरानं दाखल झालेले. पण टाळेबंदीत जाणंयेणं तुटलं, सुलतानाचा नंबर बदलला, आणि मग तिनं मुद्दामच फोन केला नाही. वॉर्डातल्या कुठल्याच आईला केला नाही. "कसा हाय शंभू?" असं विचारायचं आणि पलीकडून काय ऐकू येईल याचा नेम नाही. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

आता इलाज नव्हता. रिंग तीनदा वाजली.

"कोन बोलतंय?"

"रेश्मा, मी सुलताना. पौडची."

"शंभू?" एवढंच ती म्हणू शकली.

"शंभू? हितंच पडलाय मुडदा, मोबाइल बघत! अगं भवाने, जित्ती हायेस व्हय तू? नाजू कशी हाय? आदी त्ये सांग!"

सुलताना हसली, रडली, पुन्हा हसली. मग एका दमात सगळं सांगितलं: पळणं, सही, लाल औषध, मुळेत गेलेली फाइल. फाइलीचं ऐकून रेश्मा इतकी हसली की मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. मग ती एकदम ओरडली, "आगं येडे, उद्या बुधवार हाय!"

"मग?"

"बुधवारी औषधं संपल्याल्या पोरांची ओपीडी आस्ती. दोन वाजल्यापस्नं. चार वर्सं झाली सुरू होऊन. आमी दर साली जातो. पोरगं धडधाकट असलं तरी जायाचं. इको, हाडं, समदं बघत्यात. जाताना येक पान देत्यात, पोराला काय झालंतं, कुटलं औषध किती दिलं, म्होरं काय जपायचं."

"मला कुनी कळवलंच न्हाई."

"कसं कळवनार? तुजा नंबर लागंना. मी बी धा डाव लावला. बरं ऐक. जुनी फाइल काढायला नंबर लागतो, हितं नावावर काय बी मिळत न्हाई. नंबर हाय का?"

"फायलीवर व्हता."

"झालं! बरं, मी बघते काय तरी. उद्या नऊ वाजता चांदणी चौकात हुबी ऱ्हाते. मला सोडून जाऊ नगंस!"

बुधवारी सव्वाआठला फिरोजचा टेम्पो निघाला. मागं पावाचे चाळीस ट्रे, पुढं तिघं दाटीवाटीनं. बावधनच्या सहा दुकानांना माल देणं भागच होतं, आणि वेळ वाचावा म्हणून सुलतानाही उतरून ट्रे पोचवू लागली. "आज भाभी पण कामाला?" एका दुकानदारानं विचारलं. "आज भाभीच मालक हायेत," फिरोज म्हणाला आणि गाडी हलवली.

चांदणी चौकात रेश्मा रस्त्याच्या कडेला दोन्ही हात हलवत उभी होती. अंगावर जरीची साडी, खांद्याला पिशवी. मारुंजीतल्या जमिनीवर तिच्या सासरच्यांनी खोल्या बांधल्या होत्या, तेव्हापासून तिचा आवाज आणखी वाढला होता. नाजनीनला बघून ती म्हणाली, "टकली व्हतीस की गं तू! ह्या येवढ्या वेण्या कुटनं आनल्यास?" आणि तिला कवटाळलं. मग टेम्पोच्या मागच्या बाजूला, रिकाम्या ट्रेवर बसून तिनं आणि सुलतानानं शहर गाठलं.

अकरा वाजून पाच मिनिटं. नाजनीनच्या जुन्या दवाखान्याची कागदपत्रांची खोली तळघरात होती आणि एक वाजता बंद होत होती. खिडकीमागं जनार्दन नावाचे कारकून, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला.

"नंबर?"

"न्हाई, पन नाव..."

"बाई, जुने कागद गठ्ठ्यात आहेत. गठ्ठे नंबरावर लावलेत. नावावर शोधायचं तर मला इथंच म्हातारा व्हावं लागेल, आणि मला दोन वर्षांत निवृत्त व्हायचंय."

सुलतानानं रेश्माकडं पाहिलं. रेश्मानं पिशवीतून मोबाइल काढला. तिच्या तोंडावर असं हसू होतं, जणू ती सकाळपासून हे दाबून ठेवून बसली होती.

"रातभर न्हाई, पन साडेनवापस्तोर बसून शोधलाय. बघ."

फोटो होता. शंभूचा सहावा वाढदिवस, वॉर्डातला. कॉटवर केक, दोन टकली पोरं, तोंडावर मास्क, आणि केक कापणाऱ्या शंभूच्या हातावर नाजनीनचा हात. तिच्या मनगटावर दवाखान्याचा पांढरा पट्टा. रेश्मानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पट्ट्यावर आकडे होते.

"या अल्ला!" सुलताना म्हणाली.

जनार्दन यांनी चष्मा चढवला आणि खिडकीतून अर्धे बाहेर आले. "चार, शून्य, सात, एक, नऊ... पुढचा काय? तीन की आठ?"

त्या आकड्यावर केकचं क्रीम लागलं होतं.

"तीन," रेश्मा म्हणाली.

"आठ," नाजनीन म्हणाली.

"दोनी काडा की, साहेब," सुलताना म्हणाली. "तुमचं पाय धरते."

जनार्दन आत गेले. अकरा पस्तीस. रॅक सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी शिंकलं. बारा वाजले. बारा दहाला ते एक फाइल घेऊन आले. सुलताना पुढं झेपावली. वरचं नाव वाचून ते म्हणाले, "ही एका गृहस्थांची आहे. वय एकसष्ट. पळतात का ते?"

"साहेब, चेष्टा नगा करू!"

"आठवाला गठ्ठा वरच्या फळीवर आहे. शिडी आणतो."

बारा एकोणचाळीसला दुसरी फाइल खिडकीत आली. जनार्दन यांनी पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचलं, "नाजनीन फिरोज मुलाणी. वय पाच. मुक्काम पौड." रेश्मानं अशी आरोळी ठोकली की तळघराच्या दुसऱ्या टोकाचा शिपाई धावत आला. सुलतानानं खिडकीतून हात घालून त्या कारकुनाचा हात दोन्ही हातांत धरला.

ओपीडीत नंबर मिळाला एकोणीस. दोन वाजले, तीन वाजले. बाकांवर मुलंच मुलं. कुणी कॉलेजात जाणारं, कुणी कानात गाणी घातलेलं, एक तर चक्क दाढीवाला. सुलताना त्यांच्याकडं आधाशासारखी बघत राहिली. एवढी सगळी वाचलेली मुलं तिनं एका ठिकाणी कधी बघितलीच नव्हती. वॉर्डात असताना हे एक दृश्य कुणी दाखवलं असतं तर किती रात्री झोप लागली असती!

तीन वाजून बत्तीस मिनिटांनी नाव पुकारलं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी फाइल उघडली आणि सुलतानाऐवजी नाजनीनकडं बघून विचारलं, "तुला काय झालं होतं, माहिती आहे का?"

फिरोज छताकडं बघू लागला. घरात तो शब्द कधी उच्चारला नव्हता. "तुला ताप येत व्हता" एवढंच तिला सांगितलेलं.

"ब्लड कॅन्सर," नाजनीन म्हणाली. "पाचवीत असतानाच कळलं. गोळ्यांचं नाव आठवत होतं, ते शाळेत कॉम्प्युटरवर टाकून बघितलं."

"आनि बोलली न्हाईस?" सुलताना म्हणाली.

"तुमी दोगं घाबरला असता."

मॅडम हसल्या, पानं उलटू लागल्या आणि बाजूच्या कागदावर आकडे मांडू लागल्या. सुलताना त्या पेनाच्या टोकाकडं बघत राहिली. एकेक लाल बाटली त्या कागदावर उतरत होती. शेवटी त्यांनी एका आकड्याभोवती गोल काढला.

"एकूण मात्रा एकशे दहा. अडीचशेच्या पुढं गेलं तर आम्हाला जास्त काळजी असते. ही बरीच खाली आहे. आता इको. खाली सांगते, लगेच करतील. किती वाजेपर्यंत हवंय तुम्हाला?"

"पाच!" चौघं एकदम म्हणाले.

चार वाजून आठ मिनिटांनी नाजनीन इकोच्या टेबलावर आडवी झाली. पडद्यावर करड्या रंगाची एक पिशवी उघडत होती, मिटत होती. सुलताना टक लावून बघत होती. ही तीच पोरगी, जिला ती सहा वर्षं जिन्यावरून सावकाश चढ म्हणत आली होती, आणि जी तिची नजर चुकवून गावाबाहेर पळायला जात होती. चार एकवीसला मशीन थांबलं. चार छत्तीसला ते पुन्हा मॅडमसमोर होते.

"हृदयाची ताकद बासष्ट टक्के," मॅडम रिपोर्ट वाचत म्हणाल्या.

"पास व्हायाला किती लागत्यात?" रेश्मानं विचारलं.

"पंचावन्नच्या वर उत्तम."

"मग फर्स्ट क्लास की वो!"

"फर्स्ट क्लास. पळू दे तिला. मनसोक्त पळू दे." मॅडमनी फॉर्म ओढला, सही केली, शिक्का मारला. फिरोजनं तिथंच फोटो काढून अमोल सरांना पाठवला. चार बेचाळीस.

सुलताना जागची हलली नाही. सही झाली होती, काम झालं होतं, बाहेर विसावा नंबर उभा होता. पण सहा वर्षांचं साचलेलं आता बांध फोडून आलं. "मॅडम, त्ये परत येतं का?"

"औषधं संपून सहा वर्षं झाली. आता परत येण्याची शक्यता फारच कमी. शून्य म्हणणार नाही, पण रोज उठून त्याची वाट बघू नका."

"साधा ताप आला तरी मी रातभर बसते."

"साध्या तापाला साधा तापच म्हणा. आठवडाभर उतरला नाही, अंगावर डाग आले, तर या."

"उद्या लगीन झालं, पोरंबाळं..."

"अम्मी!" नाजनीन किंचाळली.

"तू गप. मला इचारू दे."

"या औषधांनी बहुतेकींना त्यात अडचण येत नाही. दिवस राहिले की तिथल्या डॉक्टरांना हा कागद दाखवायचा आणि हृदय तपासून घ्यायचं. तसंही पाच वर्षांनी इको करायचाच आहे. दूध, अंडी भरपूर. तंबाखूच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही." मॅडम बोलता बोलता एका पानावर लिहीत होत्या. आजाराचं नाव, तारखा, औषधं, लाल औषधाची मात्रा, पुढच्या तपासण्या. लिहून झालं तसं त्यांनी ते पान नाजनीनच्या हातात दिलं. "हे तुझं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव, दोन जणांना पाठवून ठेव."

"दादांना नगं," नाजनीन म्हणाली आणि फिरोज सकाळपासून पहिल्यांदा मोकळा हसला.

बाहेर बाकापाशी चौघं उभे राहिले. चार त्रेपन्न. अमोल सरांचा निरोप नव्हता. चार छप्पन्न. निळ्या खुणा उमटल्या, पण उत्तर नाही. रेश्मा कुठल्या कुठल्या देवांची नावं घेऊ लागली. फिरोजनं फोन लावला, तो एंगेज. पुन्हा लावला.

"अरे फिरोजभाई, तुम्हीच लावताय होय? म्हणून मला लागत नव्हता!" अमोल सर म्हणाले. स्पीकरवर त्यांचा आवाज सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेला. "चढवलं नाव. पंधराशे मीटर, सोमवारी सकाळी साडेसात. पोरीला द्या फोन."

नाजनीननं फोन घेतला, दोनदा "हो सर" म्हटलं आणि मग जागच्या जागी अशा उड्या मारल्या की परिचारिकेनं तोंडावर बोट ठेवलं. रेश्मानं तिला धरलं, सुलतानानं दोघींना. ओपीडीतली अनोळखी माणसंही हसून बघू लागली. दाढीवाल्या पोरानं अंगठा उंचावला.

"पंधराशे मीटर म्हंजे मैदानाच्या किती फेऱ्या गं?" सुलतानानं डोळे पुसत विचारलं. आजवर तिनं हेही विचारलं नव्हतं.

"पावणेचार."

"पावणे कशाला सोडायचं?" सुलताना म्हणाली. "पुऱ्या चार मार."